रेज अगेन्स्ट द मशीन: कारकीर्द इतकी तुटक का, आणि तो आवाज निघतो कसा?

रिफवेडा

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण बँड एकच असल्यामुळे एकाच धाग्यात विचारतोय.

पहिला प्रश्न. रेज अगेन्स्ट द मशीन हा रॅप आणि रॉक मिसळणारा बँड १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला आणि २००० साली थांबला. एवढ्या काळात स्वतःच्या गाण्यांचे तीनच अल्बम, चौथा इतरांच्या गाण्यांचा. पुढे २००७ ते २०११ आणि पुन्हा २०२२ साली तेच चौघे एकत्र येऊन वाजवतात, पण नवीन गाणं एकही नाही. अडलं कुठे?

दुसरा प्रश्न. पहिल्या अल्बमसोबतच्या पत्रकात छापलंय की यात सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधले उचललेले तुकडे), कीबोर्ड, सिंथेसायझर वापरलेले नाहीत. मग तो सायरन, ते डीजेसारखं स्क्रॅचिंग सगळं गिटारचंच? आम्हाला त्यांची तीन-चार गाणी बसवायची आहेत. एक गिटार, एक बेस, ड्रम्स आणि गायक. गिटार स्ट्रॅट पद्धतीची, तरंगत्या ब्रिजची (तारा जिथे अडकतात तो भाग हलणारा). ॲम्प छोटा ट्रान्झिस्टरवाला. रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) जमतात, पण रेकॉर्ड करून ऐकलं की गायकाचा शब्द न शब्द चिखलात जातो. आणि ड्रॉप डी (सर्वांत जाड ई तार डी पर्यंत उतरवणं) केलं की बाकीच्या तारा बेसूर होतात. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

जुनी_कॅसेट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीतच सापडतं. शब्द गायक झॅक डे ला रोचाचे आणि संगीत चौघांचं मिळून, अशी वाटणी पहिल्यापासून होती. गिटारवादक टॉम मोरेलो आधी लॉक अप नावाच्या बँडमध्ये होता, झॅक इनसाइड आउट या हार्डकोर बँडमध्ये. बेसवादक टिम कमरफर्ड झॅकचा लहानपणापासूनचा मित्र, आणि ड्रमर ब्रॅड विल्कने पूर्वी लॉक अपसाठी ऑडिशन दिलेली. जमले आणि लगेच बारा गाण्यांची डेमो कॅसेट काढून स्वतःच विकू लागले. नंतर एपिक या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये पहिला अल्बम आला. निर्माता गार्थ रिचर्डसन, मिक्स अँडी वॉलेसचं. मुखपृष्ठावर माल्कम ब्राउनने १९६३ साली सायगावमध्ये टिपलेला, थिच क्वांग डुक या भिक्खूच्या आत्मदहनाचा फोटो.

दुसरा अल्बम आला थेट एप्रिल १९९६ मध्ये. मधली साडेतीन वर्षं दौऱ्यांत आणि आपसातल्या ओढाताणीत गेली. मोरेलोचा ओढा जड रॉक रिफकडे, झॅकचा हिपहॉपकडे, आणि एखादी गोष्ट चौघांनाही पटल्याशिवाय पुढे सरकायची नाही. या ओढाताणीतूनच ते संगीत घडलं हे खरं, पण वेग मात्र मेला. 'ईव्हिल एम्पायर' आणि नोव्हेंबर १९९९ मधला 'द बॅटल ऑफ लॉस एंजेलिस' हे दोन्ही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, दोन्हींचा निर्माता ब्रेंडन ओब्रायन. म्हणजे यश कमी पडलं म्हणून बँड मोडला असं अजिबात नाही.

ऑक्टोबर २००० मध्ये झॅक बाहेर पडला तेव्हा त्याच्या निवेदनातला मुख्य मुद्दा हाच होता की बँडची निर्णय घ्यायची पद्धतच कोलमडली आहे. त्याच्या महिनाभर आधी, एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात लिंप बिझकिट या बँडला पुरस्कार मिळाल्यावर टिम कमरफर्ड मंचावरच्या सजावटीवर चढून बसला आणि त्याला अटक झाली. तिथे आधीच धुमसत असलेलं बाहेर आलं, एवढंच. 'रेनेगेड्स' हा इतरांच्या गाण्यांचा, रिक रुबिनबरोबर केलेला अल्बम डिसेंबरमध्ये दुकानांत आला तोवर बँड उरलाच नव्हता.

पुढे तिघांनी गायक ख्रिस कॉर्नेलला घेऊन ऑडिओस्लेव्ह काढला आणि २००२ ते २००६ या काळात तीन अल्बम केले. तिघांना रिफ बनवायला कधीच अडचण नव्हती, हे यावरून दिसतं. झॅकने डीजे शॅडोसारख्यांबरोबर काम केलं, पण स्वतःचा पूर्ण अल्बम बाहेर आणला नाही. २००८ साली जॉन थिओडोरबरोबर वन डे ॲज अ लायन या नावाने एक छोटी ईपी (मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड), बस. जुनी गाणी वाजवायला चौघांना एकमत करावं लागत नाही, ते १९९९ पर्यंत झालेलंच आहे. नवं गाणं करायचं म्हटलं की पुन्हा त्याच टेबलावर बसावं लागतं. म्हणून पुनर्मीलनं फक्त मंचापुरती राहिली, असं माझं ठाम मत आहे.

२०२२ ची गोष्ट वेगळी. दौरा ९ जुलैला विस्कॉन्सिनमध्ये सुरू झाला. दुसऱ्याच कार्यक्रमात, शिकागोत, झॅकच्या पायाचा ॲकिलीस स्नायुबंध फाटला. त्यानंतरचे कार्यक्रम त्याने बसून केले, ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधले पाचही. पुढचं सगळं रद्द झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला तेव्हा सोहळ्याला एकटा मोरेलो हजर होता, आणि जानेवारी २०२४ मध्ये ब्रॅड विल्कने लिहून टाकलं की बँड यापुढे दौरा करणार नाही, मंचावर वाजवणार नाही.

सहा_तारा

आता गिटार. हो, सगळं गिटारचंच, आणि सामान फार नाही. मोरेलोकडे ५० वॉटचा मार्शल जेसीएम ८०० (मॉडेल २२०५), पीव्हीचा चार स्पीकरचा कॅबिनेट, एक वा पेडल (सुराला 'वा-वा' असा आकार देणारं), डिजिटेकचं व्हॅमी (सूर वर-खाली सरकवणारं पेडल), बॉसचा डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारा) आणि एक इक्वलायझर. वर्षानुवर्षं जवळपास हेच. मुख्य गिटार वेगवेगळे भाग जोडून केलेली, 'आर्म द होमलेस' लिहिलेली. आणि ड्रॉप डीसाठी एक काळी टेलिकास्टर.

टेलिकास्टर का, हे तुमच्या बेसूर तारांशी थेट जोडलेलं आहे. तरंगता ब्रिज एका बाजूने तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूने मागच्या स्प्रिंगांचा ताण यांच्यात तोललेला असतो. जाड ई तार डी पर्यंत सैल केली की तारांकडचा ताण कमी होतो, स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात आणि उरलेल्या पाच तारा चढतात. टेलिचा ब्रिज लाकडावर स्क्रूने घट्ट असतो, त्यामुळे हा प्रकारच उद्भवत नाही. तुमच्या गिटारवर उपाय असे:

मागचं झाकण काढा. स्प्रिंगा तीन असतील तर पाच लावा, आणि त्या ज्या पट्टीला अडकतात तिचे दोन स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा, ब्रिजची प्लेट बॉडीवर सपाट टेकेपर्यंत. दर फेऱ्यानंतर सूर लावा, नाहीतर कुठे पोहोचलात ते कळणार नाही. शेवटी तारांची उंची आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं) परत बघावं लागेल, कारण ब्रिज खाली बसला की दोन्ही बदलतात. लॉकिंग नट असेल तर सूर बदलण्याआधी तो सोडवा, हे आवर्जून सांगतो. आवळलेल्या नटवर खुंट्या पिळून तारा तुटतात.

तारा ९-४२ च्या असतील तर ४२ ची तार डी ला फार सैल पडते. जोरात मारली की सूर आधी वर उडतो आणि मग खाली येतो, रिफ गलिच्छ वाटतो. ९-४६ चा सेट घ्या: वरच्या तारा तशाच मऊ, खालची भक्कम.

स्क्रॅचिंग: दोन पिकअपना (तारांचं कंपन पकडणारे चुंबक) वेगवेगळे व्हॉल्यूम नॉब असलेली गिटार लागते. एकाचा व्हॉल्यूम शून्य, दुसऱ्याचा पूर्ण. टॉगल (पिकअप निवडायचा खटका) हलवला की आवाज चालू-बंद. आता डाव्या हाताच्या तळव्याने तारा पिकअपच्या वर घासायच्या आणि उजव्या हाताने टॉगल सोळांशांत (एका मात्रेत चार वेळा) हलवायचा, शिवाय वा पेडल थोडं पुढे दाबून ठेवायचं म्हणजे घासण्याचा 'श्क' पुढे येतो. 'बुल्स ऑन परेड'च्या सोलोचं तंत्र हेच. नवशिक्याचं फसतं ते दोन ठिकाणी. एक, डावा हात लयीत नसतो. तो अष्टमांशांत (एका मात्रेत दोनदा) पुढे-मागे अखंड फिरत राहिला पाहिजे, तालाचे तुकडे टॉगलने पाडायचे. दोन, गेन (ॲम्पमधला आवाज फाटेपर्यंत वाढवणारा नॉब) कमी असतो, मग घासणं ऐकूच येत नाही. एवढ्या एकाच जागी गेन वाढवा.

सायरन: व्हॅमी. पेडल टाचेवर असताना मूळ सूर, पुढे दाबलं की एक किंवा दोन सप्तक वर. व्हॅमी साखळीत सर्वांत पहिलं ठेवा, डिस्टॉर्शनच्या (आवाज मुद्दाम फाटका, विकृत करणं) आधी. जुन्या व्हॅमीला एका वेळी एकच स्वच्छ सूर ओळखता येतो; विकृत सूर किंवा दोन तारा एकदम दिल्या की ते गोंधळतं आणि गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. म्हणून न लागणाऱ्या तारा बोटांनी दाबून ठेवणं इथे फार महत्त्वाचं. पाय बीटवर हलवा, मनाला येईल तसा नको. जुन्या व्हॅमीला ९ व्होल्ट एसी लागतो, पाचव्या आवृत्तीला ९ व्होल्ट डीसी. चुकीचा अडॅप्टर लावून पेडल बंद आहे म्हणून परत करणारे बरेच असतात, आधी लेबल वाचा.

रिफवेडा

सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या गिटारवर व्हॉल्यूम नॉब एकच आहे. टॉगलची युक्ती चालणार नाही ना मग?

सहा_तारा

नाही चालणार. किल स्विच बसवा. दाबल्यावरच जोडणारं, सोडल्यावर तुटणारं पुश बटण घ्या. एक पाय आउटपुट जॅकच्या टिपला, दुसरा जॅकच्या ग्राउंडला. दाबलं की सिग्नल ग्राउंडला जाऊन संपूर्ण शांतता. काही जण उलटं करतात, म्हणजे गरम वायरच्या मध्येच बटण टाकून ती तोडतात. मग वायर मोकळी लटकते, अँटेनासारखी गुणगुण पकडते आणि शांततेच्या जागी हम येतो. लाकडाला भोक पाडायचं नसेल तर एक टोन नॉब काढून त्याच भोकात बसेल असं बटण शोधा. आणि साधं घरगुती बेलचं बटण लावू नका, पटापट दाबण्यासाठी त्याचा प्रवास फार लांब असतो.

अँटेनावरून आठवलं: 'स्लीप नाऊ इन द फायर'च्या अगदी शेवटी जे बोलणं ऐकू येतं तो कोरियन रेडिओ आहे. ॲम्पने रेकॉर्डिंगच्या वेळी स्टेशन पकडलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं.

तळमजला

बेस आणि ड्रम्सबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. शब्द चिखलात जाण्याचं अर्धं कारण इथेच आहे.

पहिल्या अल्बममधलं कुठलंही कडवं नीट ऐका. झॅक रॅप करत असताना गिटार बहुतेक वेळा एकतर गप्प असते, किंवा दाबलेल्या तारांचं नुसतं खडखडणं करते. गाणं पुढे नेतात ते बेस आणि ड्रम्स. 'टेक द पॉवर बॅक'ची तर सुरुवातच स्लॅप बेसने (अंगठ्याने तारा आपटून वाजवलेला) होते. तुमचा गिटारवाला कडव्यातही पूर्ण कॉर्ड ओढत असेल तर जगातला कुठलाही मिक्स ते शब्द वाचवू शकणार नाही. आधी वाजवणं कमी करा, मग नॉब फिरवा.

बेसला डिस्टॉर्शन हवं, पण सगळ्या सिग्नलला नको. सिग्नल दोन वाटांनी न्या. एक स्वच्छ, जिच्यात साधारण २०० हर्ट्झच्या खालचं ठेवायचं. दुसरी विकृत, जिच्यातलं २०० च्या खालचं कापायचं. दोन्ही मिसळा. एकाच पेडलमधून सगळं पाठवलं तर पेडल तळ खातं आणि गिटार थांबली की गाण्याखालची जमीनच निघून जाते. दोन वाटा मिसळल्यावर तळ वाढण्याऐवजी पातळ झाला तर एका वाटेची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा.

ब्रॅड विल्कचा ठेका ऐकायला साधा आहे, धरायला कठीण. स्नेअर (काठीने वाजवायचा करकरीत ड्रम) दोन आणि चारवर, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) रिफच्या ठोक्यांना बांधलेली, आणि फिल (मधल्या जागा भरणारे तुकडे) अगदी मोजके. तो बीटच्या किंचित मागे रेलून वाजवतो, त्यातून ते वजन येतं. बहुतेक बँड धृपद आलं की धावायला लागतात आणि रिफ हलका पडतो. सराव असा करा: मेट्रोनोमची टिक फक्त दोन आणि चारवर येईल अशी लावा, कडवं वाजवा, धृपद वाजवा, पुन्हा कडवं. परत येताना टिक निसटली तर धृपदात धावलात. आधी ८० च्या लयीत करा. हळू लयीत धावणं लगेच उघडं पडतं.

ॲम्पबद्दल: छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर गेन अर्ध्याच्या थोडा खाली, मिड (मधले सूर) सातच्या आसपास, बेस चार-पाच, ट्रेबल सहा, इथून सुरू करा. घरी एकट्याने वाजवताना मिड काढून टाकलेला आवाज भारदस्त वाटतो. बँडमध्ये त्याच्या तळाला बेस गिळतो, वरच्या टोकाला झांजा गिळतात, आणि गिटार नाहीशी होते. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो आणि बळी जातो गायकाचा.

मुक्तछंद७

तळमजला यांच्याशी शंभर टक्के सहमत. गायकाच्या बाजूने थोडी भर.

रॅपमध्ये शब्द कळतो तो व्यंजनांवरून, आणि व्यंजनं राहतात साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. विकृत गिटारही तिथेच ओरडते. गिटारमधून ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल काढा, आवाजातलं १०० हर्ट्झच्या खालचं कापा, आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र) ४ ला १ वर ठेवून जोराच्या शब्दावर सहा डेसिबलपर्यंत दाबला जाईल असं लावा. माइकची जाळी मुठीत झाकून धरू नका. दिसायला झकास दिसतं, पण झाकलेला माइक सगळ्या दिशांनी ऐकू लागतो, मॉनिटर (मंचावरचा स्पीकर) शिट्टी मारतो आणि शब्द डब्यात गेल्यासारखे येतात.

श्वासाच्या जागा कागदावर शब्दांमध्ये खुणा करून ठरवा. झॅक ओळीच्या शेवटी जागा सोडतो आणि त्या जागेत रिफ उत्तर देतो. श्वास तिथेच घ्यायचा. 'किलिंग इन द नेम'च्या शेवटी एकच ओळ सोळा वेळा येते. पहिल्या चार वेळा जवळजवळ बोलल्यासारखी म्हणा. पहिल्यापासून किंचाळलात तर आठव्याला घसा संपलेला असेल आणि बँडला चढायला पायरीच उरणार नाही.

धगधगता

जुनी_कॅसेट, तुमची मांडणी पटते, पण एक बाजू राहिली. या बँडची कारकीर्द फक्त अल्बमांत मोजली तर निम्मी हातून जाते. १९९३ साली फिलाडेल्फियात, लोलापलूझा महोत्सवात, तोंडाला पट्ट्या आणि छातीवर पी, एम, आर, सी ही अक्षरं लिहून चौघे सुमारे पंधरा मिनिटं नग्न उभे राहिले, एकही गाणं न वाजवता, गीतांवर सेन्सॉरची लेबलं लावायला लावणाऱ्या पीएमआरसी या संघटनेच्या निषेधार्थ. एप्रिल १९९६ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी ॲम्पवर अमेरिकेचे झेंडे उलटे टांगले. त्या भागाचा सूत्रसंचालक होता धनाढ्य स्टीव्ह फोर्ब्स. झेंडे काढले गेले, आणि ठरलेल्या दोनपैकी एकच गाणं झालं. जानेवारी २००० मध्ये वॉल स्ट्रीटवर मायकल मूरच्या दिग्दर्शनाखाली व्हिडिओचं चित्रीकरण चालू असताना स्टॉक एक्स्चेंजने दारं बंद करून घेतली. त्याच ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या सभागृहाबाहेर फुकट कार्यक्रम केला. चारही सदस्यांना हे मनापासून हवं होतं, तोवर बँड होता.

सोनीच्या मालकीच्या एपिकवर राहून कसली क्रांती, हा आक्षेप तेव्हाही होता. २००९ साली ब्रिटनमध्ये लोकांनी मोहीम काढून सतरा वर्षं जुनं 'किलिंग इन द नेम' नाताळच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर नेलं, एका आठवड्यात पाच लाखांहून जास्त डाउनलोड, तेव्हाही तो उठला, कारण हरलेलं 'एक्स फॅक्टर' या टीव्हीवरच्या गायन स्पर्धेचं गाणंही सोनीचंच होतं. मला तो आक्षेप तोकडा वाटतो. पुढच्या जूनमध्ये बँडने लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये त्या श्रोत्यांसाठी मोफत कार्यक्रम केला, आणि मोहिमेतून बेघरांसाठी काम करणाऱ्या शेल्टर संस्थेकडे निधीही गेला.

जुनी_कॅसेट

धगधगता, मान्य. मी स्टुडिओपुरतंच लिहिलं होतं.

रिफवेडा, गाणी बसवायच्या आधी 'लाइव्ह ॲट द ग्रँड ऑलिम्पिक ऑडिटोरियम' ऐका. १२ आणि १३ सप्टेंबर २००० चे कार्यक्रम, अल्बम म्हणून २००३ मध्ये निघाला. झॅक सोडून जाण्याआधीचे हे शेवटचे दोन. स्टुडिओत वर चढवलेले थर इथे नाहीत, तुमच्यासारखीच एक गिटार आहे, त्यामुळे सोलो चालू असताना खाली फक्त बेस उरतो तेव्हा गाणं कसं उभं राहतं ते नेमकं कळेल. एकदा फक्त बेस ऐका, एकदा फक्त किक. मग गिटार हातात घ्या.

रिफवेडा

स्प्रिंगा आवळून ब्रिज टेकवला, ९-४६ चा सेट चढवला. ड्रॉप डी आता जागचं हलत नाही. कडव्यात गिटार गप्प ठेवून परत रेकॉर्ड केलं, शब्द कळतायत. बेसच्या दोन वाटा मात्र मिसळल्यावर पातळ होतात, पोलॅरिटी उलटी केली तरी फरक थोडाच. काय बघू?

तळमजला

विकृत वाटेवर डिजिटल पेडल किंवा ॲम्पची नक्कल करणारा सिम्युलेटर आहे का? असेल तर ती वाट काही मिलिसेकंद उशिरा येते, आणि तेवढ्या उशिराला पोलॅरिटी पुरत नाही. रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही ट्रॅक मोठे करून एकाच ठोक्याची सुरुवात जुळवा आणि उशिराचा ट्रॅक तेवढा आधी, म्हणजे डावीकडे सरकवा. मंचावर हे करता येत नाही, तिथे विकृत वाटेसाठी साधं ॲनालॉग पेडलच वापरा. दोन वाटांमधली सीमाही बघा: स्वच्छ वाट २०० ला कापली असेल तर विकृत २५० पासून सुरू करा, म्हणजे एकमेकांवर चढणारा भाग कमी होईल.